अर्धी बॅटरी असताना 'वीक बॅटरी' दाखवतंय, वाफ कमी, चव करपलेली. दोन सेलवाला मॉड (मोठा बॅटरीवाला व्हेप) आहे, प्लीज मदत करा

गोदाकाठचा_स्लाऊकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही म्हणून. मी मूळचा नाशिकचा, सध्या इंग्लंडात स्लाऊला. १७ वर्षं सिगरेट ओढली, दिवसाला एक पाकीट, आणि २०२५च्या फेब्रुवारीत मुलीने एकदा विचारलं बाबा तुझ्या शर्टाला असा वास का येतो, त्या दिवसापासून व्हेपवर आलो. आधी डिस्पोजेबल ओढायचो, पण १ जून २०२५ पासून इथे त्यांची विक्रीच बंद झाली, त्याच्या थोडं आधी दुकानातल्या पोराने सांगितल्यावरून हा दोन सेलचा बॉक्स मॉड घेतला. १८६५०चे दोन सेल बसतात, वर २ मिलीची टाकी, ०.२ ओहमची मेश कॉइल (कापसातलं लिक्विड तापवून वाफ करणारी जाळी), ६५ वॅटवर ओढतो, लिक्विड ३ मिलिग्रॅमचं.

सहा महिने झकास चाललं. आता दोनेक महिन्यांपासून असं होतंय की रात्रभर यूएसबीवर चार्ज करून १००% करतो, सकाळी शिफ्टला जातो, स्क्रीनवर अर्धी बॅटरी दिसत असते आणि बटण दाबलं की 'वीक बॅटरी'. एक-दोन मिनिटं थांबलो की परत तीन-चार कश मिळतात, परत तेच. मॉडची एक बाजू गरम लागते, दुसरी नाही. वाफ पहिल्यासारखी नाही, आणि चव करपलेली, कॉइल आधी दोन आठवडे चालायची ती आता चार दिवसांत जाते. कधीकधी मधेच 'चेक अ‍ॅटोमायझर' (म्हणजे टाकी-कॉइल तपासा) येतं, टाकी काढून लावली की जातं. अजून एक, लॅपटॉपच्या दोन्हीकडे सी असलेल्या केबलने हा अजिबात चार्ज होत नाही, जुन्या केबलनेच होतो, त्याचा काही संबंध आहे का?

एक गोष्ट सांगायची राहिली. नोव्हेंबरमध्ये एक सेल बाथरूमच्या फरशीवर पडून चेपला म्हणून तो टाकून दिला आणि ऑनलाइन एक नवीन मागवला, म्हणजे आता एक सेल जुना आणि एक नवा आहे. मला वाटतंय जुना सेल म्हातारा झालाय, नव्याच्याच जोडीचा अजून एक मागवू का?

हे सगळं इतकं मनाला का लागलंय ते सांगतो. गेल्या गुरुवारी नाइट शिफ्ट संपली, हा बंद पडलेला, आणि मी पेट्रोल पंपावर जाऊन पाकीट घेतलं. दोन ओढल्या, बाकीचं डब्यात टाकलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. मला परत तिकडे जायचं नाहीये.

तारमास्तर_लेस्टर

दादा आधी हे करा, मॉडमधून दोन्ही सेल काढून ठेवा आणि खाली सांगतो ते होईपर्यंत परत घालू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. रात्रभर झोपेत यूएसबीवर चार्ज हे आजपासून बंद. मी इलेक्ट्रिशियन आहे, धंद्यात जळालेली वस्तू बघायला मिळते म्हणून जरा कडक बोलतोय, राग मानू नका.

एक जुना एक नवा, हाच तुमचा आजार आहे. पण कुठला सेल आजारी ते अंदाजाने ठरवायचं नाही, मोजायचं. घरात मल्टिमीटर आहे का? नसेल तर साधा घ्या, दहा-पंधरा पौंडात येतो. डीसी २० व्होल्टवर लावा, लाल काडी सेलच्या वरच्या टोकाला, काळी खालच्या सपाट बुडाला. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, लाल वायर मीटरच्या व्होल्टवाल्या भोकात हवी, १० अँपिअरवाल्या भोकात ठेवून सेलला लावलीत तर तो सरळ शॉर्ट होतो, मीटरचा फ्यूज जातो आणि हातही भाजतो.

दोन्हींचे आकडे इथे टाका. सोबत सेलवर काय छापलंय तेही लिहा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन करा. वजनाचं का विचारतोय ते नंतर सांगतो. वरचं प्लास्टिकचं आवरण कुठे फाटलंय का तेही बघा, विशेषतः वरच्या टोकाजवळ. बऱ्याच जणांना माहीत नसतं की सेलचं बूडच नाही तर पूर्ण डबी ऋण असते, वर फक्त मधला गोल धन, आणि दोघांच्या मध्ये एवढीशी फट. आवरण फाटलं आणि आतल्या धातूला लागलं की शॉर्ट झालाच समजा.

गोदाकाठचा_स्लाऊकर

तारमास्तर दादा, तुमचं वाचून पाय गारच पडले. लगेच काढले. मीटर शेजारच्या पंजाबी काकांकडून आणला.

आकडे: मॉडवर अर्धी दिसत होती तेव्हा काढलेत. जुना सेल ३.८६, नवीन ३.५५. म्हणजे उलटंच निघालं की! मी जुन्याला म्हातारा म्हणत होतो. योगायोगाने परवा फुल चार्ज झाल्यावर सेल अदलाबदल करायला काढले होते तेव्हा काकांनीच मोजून दिलेलं, मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं पण अर्थ कळला नव्हता: जुना ४.१२, नवीन ४.२७.

वजन जुना ४६ ग्रॅम, नवीन ३६. जुन्यावर मॉलिसेल पी२६ए असं आहे, आवरण ठीक. नव्यावर जांभळं आवरण आणि मोठ्या अक्षरात ६८०० एमएएच (सेलमध्ये किती साठतं त्याचा आकडा), वरच्या कडेला नखाएवढं फाटलंय. मी तर ६८०० बघूनच घेतला होता, दुपटीपेक्षा जास्त चालेल म्हणून.

तारमास्तर_लेस्टर

दादा तो जांभळा सेल परत कधीच कशात घालू नका. टॉर्चमध्ये पण नाही.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, एवढ्या जागेत माल किती मावणार त्याला मर्यादा आहे. दुकानात मिळणारे चांगल्यात चांगले सेल ३५००च्या आसपास जातात आणि व्हेपला लागतो तसा जोरात करंट देणारे २५०० ते ३००० एमएएचचे असतात. तुमचा पी२६ए २६०० एमएएचचा. त्यामुळे ६८०० किंवा ९९०० असं छापलेलं दिसलं की आकडाच खोटं बोलतोय समजायचं. खरा सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. तुमचा ३६ भरतोय, म्हणजे आत माल कमी आहे किंवा कुठल्यातरी जुन्या बॅटरी पॅकमधून काढलेला सेल नवीन कपडे घालून विकलाय.

आता तुमच्या मॉडमध्ये काय चाललं होतं ते सांगतो, म्हणजे परत फसणार नाही. दोन सेल एकामागोमाग एक, सिरीजमध्ये आहेत, त्यामुळे दोघांतून करंट सारखाच जातो. ६५ वॅट आणि दोघांचे मिळून समजा साडेसहा-सात व्होल्ट, सर्किटमध्ये थोडी शक्ती वाया जाते ती धरून साधारण १०-११ अँपिअर होतात. चांगल्या सेलचा आतला रोध कमी, त्याचे ओढताना दोन-तीन दशांश व्होल्ट पडतात बस. कमजोर सेलचा रोध जास्त, त्याचे पाऊण-एक व्होल्टसुद्धा पडू शकतात. म्हणजे नुसता पडून असताना ३.५५ दाखवणारा सेल बटण दाबल्याबरोबर पावणेतीनला येतो, मॉडला ते दिसतं आणि तो 'वीक बॅटरी' म्हणून थांबतो. बटण सोडलं की सेल परत वर चढतो, म्हणून स्क्रीनवर अर्धी. मॉड खोटं बोलत नव्हता हो, तो तुम्हाला वाचवत होता. आणि गरम लागणारी बाजू त्याच सेलची असणार, जे व्होल्ट पडतात त्यांची उष्णताच होते.

चिठ्ठीवरचे आकडे तर अजून बोलके आहेत. फुल असताना नवीन सेल सगळ्यात वर ४.२७, आणि अर्ध्यात तोच सगळ्यात खाली ३.५५. लहान भांडं लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं, तसं. तुमचा मॉड दोघांची बेरीज ८.४ आली की चार्जिंग थांबवतो, प्रत्येक सेल वेगळा बघत नसावा किंवा नीट बघत नसावा. ४.२च्या वर नेलेला हलका सेल, वर आवरण फाटलेलं, आणि तुम्ही झोपलेले. मला हे लिहितानाच कसंतरी होतंय.

आता करायचं काय. दोन खरे सेल एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे घ्या. दोघांवर मार्करने अ आणि ब लिहा, त्यांचं लग्न लागलं समजा: नेहमी एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे, मॉडमधल्या जागा अधूनमधून बदलायच्या आणि जायचे तेही एकत्र. तुमचा जुना पी२६ए चांगला असला तरी त्याला आता नवीन जोडीदार देऊ नका, एका सेलच्या टॉर्चला चालेल. चार्जिंगला बाहेरचा चार्जर घ्या, प्रत्येक खाच वेगळी असलेला, अर्धा ते एक अँपिअरवर, आणि तुम्ही जागे असताना. सुटे सेल प्लास्टिकच्या डबीत, खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच नाही. जांभळ्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि सुपरमार्केटच्या बॅटरी पेटीत टाका, घरच्या कचऱ्यात नको.

सांगलीची_डब्लिनमध्ये

बॅटरीचं तारमास्तरांनी सगळं सांगितलंय, मी करपलेल्या चवीबद्दल सांगते कारण माझे दोन महिने त्यातच गेलेत. दादा लिक्विड कुठलं, ७०-३० आहे का, म्हणजे ७०% व्हीजी (ग्लिसरीन)? ते दाट असतं, आणि तुम्ही थंडीत शिफ्टला बाहेर उभं राहून ओढताय, गारठ्यात व्हीजी मधासारखं घट्ट होतं आणि कापसात हळू भिनतं. एकामागोमाग चार-पाच कश घेतले की कापूस कोरडा पडतो आणि मेश त्याला जाळते, एकदा जळाला की ती चव कितीही लिक्विड घातलं तरी जात नाही, ती कॉइल गेलीच. मी मॉड जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते आणि दोन कशांमध्ये जरा दम घेते. गारठ्यात सेलसुद्धा मलूल होतात, त्यामुळे दोन्ही अंगांनी तुम्हालाच त्रास.

नवीन कॉइल लावताना तिच्या भोकांत दिसणाऱ्या कापसावर तीन-चार थेंब टाका, मग टाकी भरून दहा मिनिटं नुसती ठेवा, घाई करू नका. सुरुवात कॉइलवर छापलेल्या सगळ्यात कमी वॅटपासून करा, मग हळूहळू चढवा. तुमच्या कॉइलवर किती ते किती लिहिलंय ते बघा बरं, माझ्या ०.२वर ५० ते ६० होतं आणि मी ७०ला ओढून ओढून वाट लावत होते. गोड लिक्विड पण कॉइल खातं, त्यातली साखरेसारखी गोडी मेशवर काळी होऊन बसते. मँगो-लस्सी टाइपचे फ्लेवर मी त्यासाठीच सोडले, जड गेलं पण सोडले.

'चेक अ‍ॅटोमायझर'चं बहुतेक वेळा साधं असतं. टाकी जिथे आटे देऊन बसते त्या ५१० जोडणीच्या मधल्या पिनवर लिक्विडचा चिकट थर बसतो. सेल काढा, इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिन आणि टाकीचं बूड दोन्ही पुसा, पूर्ण वाळू द्या. टाकी आवळून बसवू नका, लागली की बास, जास्त पिळली की पिन खाली दबून राहते आणि मग टेकतच नाही. स्क्रीनवर ओहमचा आकडा बघत जा, ०.२चं कधी ०.२८ कधी ०.३५ दिसायला लागलं की टेकण्यात गडबड आहे.

केबलवाला_काका

केबलचं कोणी बोललं नाही म्हणून. दोन्हीकडे सी असलेल्या केबलला वस्तूच्या आत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लागतात, ते असले की चार्जरला कळतं की पलीकडे कोणीतरी आहे आणि तो ५ व्होल्ट सोडतो. स्वस्त वस्तूंत बनवणारे ते वाचवतात, मग चार्जरच्या दृष्टीने पलीकडे कोणी नाहीच. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर ५ व्होल्ट कायमच असतात म्हणून त्याने चालतं. म्हणजे तुमचा मॉड बिघडलेला नाही, तसाच बनवलाय. बाहेरचा चार्जर घेतलात की प्रश्नच मिटला.

निळी_ओढणी_मिल्टनकीन्स

मी इथे फार्मसीत काम करते, थोडं वेगळं बोलू का. मला या पूर्ण प्रश्नात पेट्रोल पंपावरच्या त्या दोन सिगरेटी जास्त महत्त्वाच्या वाटल्या. भाऊ, १७ वर्षांची सवय आहे, दोन ओढल्या म्हणजे सगळं वाया गेलं असं अजिबात नाही. वहिनींना सांगून टाका, लपवलं की एकटं पडायला होतं आणि एकटं पडलं की परत पाकीट.

पण यंत्र बंद पडलं की सिगरेट, अशी परिस्थितीच येता कामा नये. ३ मिलिग्रॅमचं लिक्विड ६५ वॅटने ओढणं म्हणजे कमी निकोटिन भरपूर वाफेतून घेणं, त्याला बॅटरीही भरपूर लागते. त्यापेक्षा एक साधा छोटा पॉड (कार्ट्रिजवाला छोटा व्हेप) जवळ ठेवा, १२-१५ वॅटचा, त्यात १० किंवा २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट (घशाला कमी लागणारं निकोटिन). इथे २०च्या वर विकायला परवानगीच नाही. बॅटरी आतच बसवलेली, सेलची भानगड नाही, दिवसभर जातो. फक्त ते २०चं लिक्विड चुकूनही तुमच्या मोठ्या मॉडमध्ये घालू नका, चक्कर येईल, मळमळेल. आणि घरात लहान मूल आहे, लिक्विडच्या बाटल्या वर, कुलुपात. थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलाला घातक ठरू शकतं.

पॉडमध्ये ७०-३० घालू नका, त्याच्या छोट्या भोकांतून ते जात नाही, ५०-५० घ्या. आणि ओढून सुरू होणारा पॉड कधी आपोआपच सुरू व्हायला लागला किंवा ओढूनही सुरू होईना, तर हवेच्या सेन्सरवर ओल गेलेली असते. कार्ट्रिज काढा, टिशूने आत पुसा, उलटा करून झटका, वाळू द्या. आपोआप सुरू होणं थांबलं नाही तर तो वापरू नका.

तुमच्या भागातल्या एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) स्टॉप स्मोकिंग सेवेत फोन करा, फुकट आहे. पॅच लावून वर अडीनडीला गम, असंही ते जुळवून देतात. आणि पुढे कधीतरी व्हेप पण कमी करत न्यायचा आहे हे त्यांना सांगून ठेवा, तेही मदत करतात. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, ज्यांनी सिगरेट कधी ओढलीच नाही त्यांनी यातलं काही सुरू करू नका, हे सोडणाऱ्यांसाठी आहे.

गोदाकाठचा_स्लाऊकर

ताई, काल रात्री सांगितलं तिला. रागावली नाही, गप्प बसली थोडा वेळ आणि मग म्हणाली उद्या दुकानात मी पण येते.

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉइलवर ४० ते ५५ वॅट लिहिलंय! मी इतके महिने ६५ला ओढत होतो, दुकानातल्या पोराने सेट करून दिलेलं ते तसंच ठेवलं. पिन पुसली, इअरबड काळाकुट्ट निघाला.

एक विचारायचं राहिलं, एप्रिलमध्ये भाच्याची मुंज आहे, नाशिकला तीन आठवडे येतोय. सेल विमानात हातातल्या बॅगेत न्यायचे ना? मॉड चेक-इनमध्ये चालेल का?

परत_आलेला_पुणेकर

दादा थांबा, आणूच नका. चेक-इन सामानात व्हेप कुठलीच विमान कंपनी चालवून घेत नाही तो भाग वेगळा, भारतात तो आणणंच गुन्हा आहे. १८ सप्टेंबर २०१९ला आधी वटहुकूम आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, विकणं, आयात, वाहतूक, साठवणूक, जाहिरात सगळ्यावर बंदी. आयातीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लोक म्हणतात एखादा कोण बघतो, पण मुंजीला येताना कस्टमच्या टेबलावर उभं राहायची हौस कशाला. आणि इथे चोरून विकतात त्यात काय भरलंय ते देवाला ठाऊक.

तिकडून निघतानाच पॅच घेऊन या, इथे २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो. मी तसंच केलं होतं. पहिले तीन दिवस जड गेले, विशेषतः जेवणानंतर आणि टपरीवर चहा घेताना, सगळे मित्र ओढत असतात. चहा घरी घ्यायचो.

निळी_ओढणी_मिल्टनकीन्स

+१. आणि पॅच आत्ताच सुरू करा भाऊ, मार्चच्या सुरुवातीपासून, म्हणजे मुंजीपर्यंत कुठला नंबर तुम्हाला लागतो ते कळलेलं असेल. किती मिलिग्रॅमचा ते सेवेतल्या माणसाला तुमचं रोजचं ओढणं सांगून ठरवा.

गोदाकाठचा_स्लाऊकर

नऊ दिवसांनी सांगतोय. पी२६एची नवी जोडी घेतली, दोन्ही ४६ ग्रॅम, अ आणि ब लिहिलं, मुलीने हट्टाने ब वर फूल काढलंय. बाहेरचा चार्जर हॉलमध्ये, फरशीवर, संध्याकाळी सहा ते नऊ. वॅट ४८ केले. काल शिफ्ट संपल्यावर मोजले: अ ३.७१, ब ३.७०. दोन्ही बाजू सारख्याच कोमट. 'वीक बॅटरी' एकदाही नाही, कॉइल अजून पहिलीच चालू आहे. पॉडपण घेतला, १० मिलिग्रॅमचा, तो लॉकरमध्ये असतो.

एनएचएसवाल्यांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळालीये. पंपासमोरूनच घरी येतो रोज, गाडी थांबवली नाही.

तारमास्तर_लेस्टर

३.७१ आणि ३.७०! वा दादा, जोडी जमली. महिन्यातून एकदा असंच मोजत जा, दोघांत ०.१च्या वर फरक दिसायला लागला की इथे येऊन सांगा. आणि शेजारच्या काकांचा मीटर परत द्या आता.